उपाशीपोटी, फक्त माटे

१

"या दोन कागदांपैकी एक धडधडीत खोटं बोलतोय, सुल्माबाई! कुठला, ते शोधा. नाहीतर माणूस जाईल, आणि आपण दोघं काळे कपडे घालून त्याच्या मयताला उभे राहू."

डॉक्टर बेर्गोलींनी दोन्ही रिपोर्ट टेबलावर आपटले. सुल्माबाईंनी सावकाश चष्मा चढवला. सुल्मा एच्चार्ट म्हणजे मोन्तेविदेओतल्या या जुन्या इस्पितळाच्या रक्त-प्रयोगशाळेच्या प्रमुख. डॉक्टर लोकांची आदळआपट त्यांनी उभा जन्म पाहिली होती.

दोन्ही कागदांवर नाव एकच होतं, विल्मार सिल्वेरा. बार्रियो सुर वस्तीच्या ढोलपथकाचा म्होरक्या. त्याच्या हृदयाची झडप वयाने कडक होऊन आवळत चालली होती. झडप आवळली की हृदयाला रक्त रेटून ढकलावं लागतं, आणि त्या ताणाने एक प्रथिन रक्तात उतरतं. ताण जास्त, तर आकडा मोठा. वर्षभर बेर्गोली त्या आकड्यावर डोळा ठेवून होते. आकडा चढला की ऑपरेशन, तोवर थांबायचं, असं ठरलेलं.

सोमवारी इथे आकडा आला, तो एखाद्या तरण्या पोराचा असावा इतका लहान. शुक्रवारी विल्मार तालमीत ढोल वाजवता वाजवता रस्त्यावर कोसळला. अँब्युलन्सने त्याला जवळच्या सरकारी इस्पितळात टाकलं. तिथे तोच आकडा आला सहापट. मग त्याला इकडे हलवलं.

"चार दिवसांत वाढला नसेल कशावरून?"

"सहापट? झडप आहे ती बाई, पावाचं पीठ नव्हे!"

"मग कापा की त्याला. माझ्या डोक्यावर कशाला बसलात?"

"सही करत नाही ना! म्हणतो, तुमच्याच लॅबने हृदय ठणठणीत असल्याचं लिहून दिलंय, मी उन्हाने पडलो. पुन्हा रक्त काढू म्हटलं तर हात काखेत दाबून बसतो. येत्या गुरुवारी कार्निव्हालातली हाकांची मिरवणूक आहे, ढोलांनी हाका घालत निघतात ती, त्यात हा ढोल गळ्यात घालून चालणार म्हणे. चालला तर अर्ध्या वाटेत संपेल." बेर्गोली दम खायला थांबले. "सोमवारचं रक्त तपासलं कोणी?"

"नोएलियाने," सुल्माबाई म्हणाल्या.

आणि ते नाव घेताना त्यांना बरं वाटलं. खरं सांगायचं तर फारच बरं वाटलं.

२

नोएलिया साओ पावलोहून शिकून आली, तेव्हा येताना नव्या यंत्राचं खूळ घेऊन आली. यंत्र आलं, सुल्माबाईंचं जुनं यंत्र अडगळीत गेलं. पूर्वी फोन वाजला की डॉक्टर विचारायचे, "सुल्माबाई आहेत का?" आता विचारतात, "नोएलिया आहे का?" एवढंही बाईंनी गिळलं असतं. पण माटे?

तीस वर्षं प्रयोगशाळेतला माटे, म्हणजे कडू पानांचा तो इथला चहा, सुल्माबाईंनी ओतला होता. पानं भरलेला भोपळ्याचा तुंबा एक, ओढायची नळी एक, आणि ओतणारा हात एक. ओतणाऱ्याने पहिला कडूजहर तुंबा स्वतः संपवायचा, मग पुन्हा पाणी भरून एकेकाच्या हातात द्यायचा. हा मान असतो, तो मागून मिळत नाही. एक दिवस बाई दातांच्या डॉक्टरकडे गेल्या आणि परत येऊन बघतात तर थर्मास नोएलियाच्या काखेत! कुणी चकार शब्द काढला नाही. तेव्हापासून त्या नोएलियाच्या हातचा एकच तुंबा घेत आणि "आभारी आहे" म्हणून परत करत. माटे परत देताना आभार मानले की पुरे, आता मला नको, असा अर्थ होतो. न बोलता दिला तर पुन्हा पाळी येते. सगळ्यांना वाटे, बाईंचं पित्त उसळतं. पित्त कसलं? पोटदुखी होती ती निव्वळ.

आज नोएलियाचे डोळे सुजले होते. संचालकांनी तिला बोलावून राजीनाम्याचं सुचवलं होतं.

"नळ्यांची अदलाबदल केलीस?" सुल्माबाईंनी विचारलं.

"नाही हो बाई. रक्त मीच काढलं, नाव मीच चिकटवलं."

"उपाशी होता?"

"विचारलं ना. म्हणाला, रात्रीपासून पोटात काही नाही, फक्त माटे. तुम्हाला माहितीच आहे, इथे माटेला खाण्यात कोण धरतंय!"

"काही गोळ्या वगैरे?"

"चक्क नाही म्हणाला. बायको शेजारीच उभी होती, तिचंही थायरॉइडचं रक्त काढायचं होतं."

"मग चूक तुझीच," सुल्माबाई म्हणाल्या. आवाजात दुःख आणायचा त्यांनी प्रयत्न केला, पण तो साधला नाही.

३

सोमवारच्या रक्ताचा उरलेला भाग फ्रीजरमध्ये होता. सुल्माबाईंनी बाह्या सरसावल्या. आधी रक्तगट. विल्मारचा गट एबी, इकडे शंभरात दोघा-तिघांचा. या नळीतही एबीच निघाला. म्हणजे रक्त त्याचंच. पाणी मिसळलंय का? क्षार जागेवर, प्रथिनं जागेवर. मग त्यांनी त्यातलंच थोडं रक्त टॅक्सीने सरकारी इस्पितळात धाडलं आणि फोनपाशी बसून राहिल्या.

"सहापट," तिकडून उत्तर आलं.

सुल्माबाई ताडकन उठल्या. "ऐकलंस? रक्त तेच! तिथल्या यंत्रावर खरं बोलतं आणि तुझ्या लाडक्या यंत्रावर खोटं! मी तेव्हाच सांगत होते, नवं ते सगळं सोनं नसतं म्हणून!"

"बाई, सोमवारचे आणखी पाच नमुने मी सकाळीच तिकडे पाठवले होते," नोएलिया हळूच म्हणाली. "पाचही बरोबर जुळले. यंत्र शहाणं आहे. या एका रक्ताने त्याला फसवलंय."

सुल्माबाई मटकन खाली बसल्या. यंत्राला फसवणारी चीज कुठली, ते त्यांना ठाऊक होतं. आठवायला मात्र वेळ लागला, कारण आठवायचंच नव्हतं. गेल्या हिवाळ्यात विल्मारच्या बायकोचे, मिर्ताचे, थायरॉइडचे आकडे भलतेच आले होते. सुल्माबाई तिला औषधाला धाडायला निघाल्या होत्या. नोएलियाने फक्त एवढंच विचारलं, "केसांसाठी काही घेता का?" मिर्ता बायोटिनच्या गोळ्या मुठीने खात होती. केसांचं ते जीवनसत्त्व रक्तात फार झालं की नवं यंत्र चकतं. थोडं थांबून पुन्हा तपासलं तर सगळं सुरळीत! त्या दिवसापासून बेर्गोली नोएलियाचा जप करू लागले होते.

"बायोटिन," बाई पुटपुटल्या.

"मला तेच वाटलं होतं पहिल्यांदा. पण मिर्ताचं त्याच सकाळचं रक्त एकदम स्वच्छ आलं. म्हटलं, त्या घरात आता गोळ्याच नसणार, म्हणून सोडून दिलं."

सुल्माबाईंनी उरल्यासुरल्या रक्तात बायोटिन शोषून घेणारे बारीक मणी घातले, ते गाळून रक्त त्याच नव्या यंत्रावर चढवलं. आकडा सहापट!

म्हणजे सोमवारी सकाळी विल्मारच्या पोटात बायोटिन गेलं होतं, तेही भरपूर. त्याचा अंमल फार टिकत नाही, काही तासांत ओसरतो. म्हणजे रक्त द्यायच्या थोडंच आधी ते गेलं. कुणीतरी त्याचा रोग झाकला होता, आणि झाकलेल्या रोगाने माणूस मरतो.

"कुणी केलं असेल हो?" नोएलिया म्हणाली.

सुल्माबाईंनी पर्स उचलली. "जिच्याकडे बरणी आहे, तिला विचारते."

४

मिर्ताचं केस कापायचं दुकान ढोलपथकाच्या तालमीच्या रस्त्यावरच होतं. आत ती एका गिऱ्हाइकाच्या डोक्याला रंग फासत होती. साठीची बाई, पण कंबर अजून ढोलाचा इशारा ओळखणारी. दरवर्षी मिरवणुकीत पथकापुढे झगा आणि पंखा घेऊन तीच नाचायची. दाराशी पाववाल्याची गाडी उभी, आणि गाडीचा मालक अनिबाल आत खुर्चीत पाय पसरून बसलेला. पथकातला दोन नंबरचा ढोलवाला. विल्मारहून पंधरा वर्षांनी लहान, दिसायला देखणा, आणि ते त्याला पक्कं माहीत होतं.

आरशाजवळच्या फळीवर बायोटिनची बरणी होती, अर्धी रिकामी.

"विकायला ठेवते," मिर्ता म्हणाली. "मी नाही हो खात आता. तुमच्या त्या हुशार पोरीने सांगितल्यापासून सोडल्या."

'हुशार पोरगी' हे सुल्माबाईंना झोंबलं. "ती सांगत होती तेव्हा ऐकायला कोण कोण होतं?"

"मी, विल्मार, आणि हा. याच्याच गाडीतून आलो होतो."

म्हणजे युक्ती तिघांनाही ठाऊक होती. "सोमवारी सकाळी काय काय झालं?"

"काय व्हायचंय? अनिबाल गाडी घेऊन आला. तिघांनी अंगणात माटे घेतला आणि निघालो. पावाची टोपली मी कपाटात कुलूप लावून ठेवली होती, नाहीतर आमचं ध्यान चोरून खातं."

"माटे कोणी ओतला?"

"मी. दुसरं कोण ओतणार? विल्मार पाणी उकळून पानं जाळतो, आणि हा तर गप्पांच्या नादात तुंबा हातातच धरून बसतो."

"ए, ए, माझी बदनामी नको!" अनिबाल हसला.

"गप रे! तुझ्या हातातला तुंबा म्हणजे गेला तो गेलाच."

दोघं खळखळून हसली. जरा जास्तच, असं सुल्माबाईंना वाटलं. रंग लावून बसलेल्या गिऱ्हाईक बाईने आरशातून सुल्माबाईंकडे बघून एक भुवई उडवली.

"विल्मार इस्पितळात पडला तर पथक कोण चालवणार?" सुल्माबाईंनी अनिबालला विचारलं.

त्याचं हसू मावळलं. "मी. पण तुमच्या मनात आहे ते चुकीचं आहे, बाई. त्याने ऑपरेशन करून घ्यावं म्हणून मीच हात धुऊन मागे लागलो होतो. त्यावर त्याने काय केलं सांगू? ढोलाची काठी फेकून मारली. हे बघा." त्याने कपाळावरची खोक दाखवली.

"आणि तू गं?" सुल्माबाई मिर्ताकडे वळल्या. "तुला काय हवं होतं?"

मिर्ताने ब्रश खाली ठेवला. "मला माझा नवरा हवाय. पण गेलं वर्षभर तो नवरा कुठे राहिलाय? पहारेकरी झालाय! कुणाशी हसलीस, कुणाच्या ढोलावर पाय टाकलास. वैताग आलाय मला. मरू दे, असंही म्हणून गेले एकदा. ते म्हणणं झालं, बाई. म्हणणं आणि करणं यात फरक असतो."

सुल्माबाई बाहेर पडल्या. बरणी तिची, ओतणारा हात तिचा, आणि 'मरू दे' हेही तिच्याच तोंडचं.

५

समुद्राकाठच्या कठड्यावर बसून त्यांनी आपला थर्मास उघडला. एकटीचाच तुंबा. हल्ली रोज असाच. पाणी ओतलं, पहिला घोट घेतला. जीभ आखडली. पहिला तो पहिलाच! पण ओतणाऱ्याने तो प्यायलाच हवा. मिर्तानेही तो प्यायला असणार.

तुंबा त्यांच्या हातात तसाच राहिला.

"अगं बाई!" त्या मोठ्याने म्हणाल्या. कठड्यावरचा मासे धरणारा माणूस दचकला.

दीड तासाने विल्मारच्या खाटेभोवती सगळे जमले. बेर्गोली, मिर्ता, अनिबाल, आणि दाराशी अंग चोरून नोएलिया. तिला सुल्माबाईंनीच आणलं होतं. विल्मार उशीला टेकून बसला होता. अंगाने धिप्पाड, ओठ निळसर, बोटांना ढोलाचे घट्टे.

"काय बाई, सापडला का चोर?" तो म्हणाला.

"सापडला. सोमवारी तुझ्या रक्तात बायोटिन होतं. यंत्राला तेवढ्याने चकवलं, आणि तुझं आजारी हृदय कागदावर निरोगी झालं."

"मिर्ता!" बेर्गोली ओरडले. "तुमच्या दुकानात..."

"थांबा डॉक्टर. मीही आधी तिलाच धरलं होतं." सुल्माबाईंनी खुर्ची पुढे ओढली. "रात्रीपासून हा उपाशी. टोपलीला कुलूप. दुसऱ्याच्या हातचं याच्या पोटात गेलं ते फक्त माटे. तेव्हा कुणी कालवलं असेल तर माटेतच कालवायला हवं. पण तुंबा एक, नळी एक, पाणी एक. पहिला तुंबा मिर्ताने प्यायला, आणि नंतरही पाळीपाळीने घेतला. मग लगेच इथे येऊन तिनेही रक्त दिलं, आणि तिचं रक्त त्याच यंत्रावर स्वच्छ निघालं. म्हणजे माटे स्वच्छ होता. नोएलियाला वाटलं, बायकोचं रक्त स्वच्छ, म्हणजे घरातच बायोटिन नाही. पण त्या स्वच्छ रक्ताचा अर्थ वेगळाच होता. माटे स्वच्छ, तर बायोटिन दुसऱ्या कुणाच्या हातून गेलंच नाही."

बेर्गोलींची नजर मिर्तावरून विल्मारकडे वळली.

"शिवाय आकडा लहान आल्याचा फायदा कुणाला? अनिबालला ऑपरेशन हवं होतं, त्यात त्याला पथक मिळत होतं. गोळ्या विचारल्यावर नाही कोण म्हणालं? पुन्हा सुई टोचू कोण देत नाही? इथे बरणी हाताशी नाही ना, विल्मार. मूठभर गोळ्या गुपचूप कुणी कुणाला चारू शकत नाही. त्या ज्याच्या त्यालाच गिळाव्या लागतात."

विल्मारने चादर मुठीत आवळली. मग एकदम फुटला.

"हो, गिळल्या! न्हाणीघरात, नळाच्या पाण्याबरोबर! काय करू? इथे पोट वर करून पडू? आणि तिकडे हा माझ्या जागी उभा राहून ढोलाने हाक घालणार, आणि ही त्या हाकेवर कंबर हलवणार? तीस वर्षं ती माझ्या ढोलावर नाचलीय. माझ्या! अख्खा रस्ता बघतो. मला माहितीये हा कसा बघतो तिच्याकडे!"

"अरे, मी तुझ्या पोरांचा धर्मपिता आहे, गाढवा!" अनिबालचा आवाज फाटला.

"म्हणून काय डोळे नाहीत तुला?"

"सही करा, विल्मार," बेर्गोली म्हणाले. "खरा आकडा आता तुम्हालाही ठाऊक आहे."

"नाही करत. मेलो तर ढोल गळ्यात घेऊन मरेन."

सुल्माबाईंना त्याचा राग यायला हवा होता, पण आला नाही. आपली जागा दुसऱ्याच्या काखेत गेलेली बघितली की माणूस काय काय करू शकतो, ते त्यांना बाहेर शोधायची गरज नव्हती. एका पोरीची नोकरी जाणार म्हणून आज सकाळी त्या स्वतःच खूश झाल्या होत्या.

त्या मिर्ताच्या कानाशी वाकल्या. "त्याला जगण्याचं सांगू नकोस. मेल्यावर काय होईल ते सांग."

मिर्ताने एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग पदराला हात पुसावेत तसे झग्याला पुसले आणि कमरेवर ठेवून उभी राहिली.

"बरं. नको करूस सही. मर. पण नीट ऐकून ठेव, विल्मार सिल्वेरा. ऑपरेशन केलंस तर मी या एका वर्षी अनिबालच्या ढोलावर नाचेन. एकच वर्ष. आणि मेलास तर दरवर्षी नाचेन! माझे पाय चालतील तोवर. पहिल्या वर्षी काळे कपडेसुद्धा घालायची नाही, तू शिवू दिला नाहीस तो लाल झगा शिवून घेईन."

"तो लाल?" विल्मार म्हणाला.

"तोच. पाठीवर उघडा."

विल्मारने आधी तिच्याकडे, मग अनिबालकडे पाहिलं. अनिबाल खिडकीबाहेर बघत होता.

"पेन द्या," विल्मार गुरगुरला. "कुणाकडे पेन आहे की नाही?"

६

ऑपरेशन मंगळवारी झालं, नवी झडप बसली. गुरुवारी मिरवणूक निघाली तेव्हा विल्मार गुंगीत होता. सुल्माबाई गर्दीत उभं राहून सगळं बघून आल्या. रस्त्यावर शेकोट्या पेटवून ढोलांची कातडी तापवली, आणि मग अनिबालने पहिली हाक घातली. काय वाजवला म्हणता! बायकापोरं गॅलऱ्यांतून रडत होती, आणि मिर्ता तर जमिनीला टेकतच नव्हती. इतका सुरेख ढोल त्या रस्त्याने बऱ्याच वर्षांत ऐकला नव्हता. विल्मारचाही नाही.

दुसऱ्या दिवशी त्या रक्त काढायला स्वतः गेल्या. या खेपेला त्याने दंड मुकाट पुढे केला.

"बाई, तुम्ही गेला होता ना?"

"गेले होते."

"मग?" त्याचे डोळे त्यांच्या तोंडावर खिळले होते. "कसा वाजवला त्याने?"

"बरा."

"बरा म्हणजे?"

"बरा म्हणजे बरा. कोपऱ्यावरच्या वळणावर जरा अडखळला. तू नव्हतास ते कळत होतं."

विल्मारने डोळे मिटले. चेहऱ्यावर अशी तृप्ती पसरली की सुल्माबाईंना हसू दाबावं लागलं. "त्या वळणावर तो नेहमीच अडखळतो," तो म्हणाला आणि झोपी गेला.

प्रयोगशाळेत त्यांनी ते रक्त नव्या यंत्रावर चढवलं. आकडा उतरू लागला होता, आणि या वेळी तो खराच होता. फोन वाजला. बेर्गोली होते. "बाई, जरा नोएलियाला द्या ना." पोटात कळ आली, अगदी ओळखीची. सुल्माबाईंनी फोन दिला. संचालकांना त्यांनी सकाळीच जाऊन सांगितलं होतं की पोरीची काडीचीही चूक नाही. त्यांना वाटलं होतं, तेवढ्याने कळ जाईल. कसली जातेय?

फोन ठेवून नोएलियाने थर्मास उघडला. पहिला तुंबा स्वतः संपवला, पुन्हा भरला, आणि सगळ्यांत आधी सुल्माबाईंपुढे धरला.

त्यांनी घोट घेतला. पाणी जेमतेम हवं तेवढंच गरम, फेस काठाला, कडवटपणा जिथल्या तिथे. स्वतः त्यांनाही तीस वर्षांत इतका चांगला क्वचितच जमला होता.

"कसा झालाय, बाई?" नोएलियाने भीतभीत विचारलं.

"बरा," सुल्माबाई म्हणाल्या.

तुंबा तळापर्यंत संपवून त्यांनी परत दिला. आभार मात्र मानले नाहीत, आणि पुढची पाळी यायची वाट बघत तिथेच बसून राहिल्या.